बॅकयार्डातल्या पूलचं पाणी गढूळ झालं, आता काय करायचं?

जून लागला, मुलांच्या शाळा संपल्या, की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. हौसेनं पंधरा-अठरा फुटी फ्रेमचा पूल आणला, अंगणात उभा केला, होज लावून रात्रभर पाणी भरलं. पहिले तीन-चार दिवस तळाचा निळा लायनर लख्ख दिसत होता. मग पाणी धूसर झालं, पुढे दुधाळ, आणि आता तळ दिसतच नाही. क्लॅरिफायर ओतून झालं, टॅब्लेट तरंगतेच आहे, पंप घरघरतोच आहे. ‘सगळं पाणी सोडून देऊन नव्यानं भरू का?’ आणि ‘आता कुठली बाटली आणू?’ हे दोन प्रश्न अनेक वाचक पुन्हा पुन्हा विचारतात.

सरळ उत्तर असं: पाणी सोडून द्यायची गरज सहसा नसते आणि नव्या बाटलीची तर त्याहून कमी. गढूळ पाण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. मध्ये कधीतरी क्लोरिन संपलेलं असतं, किंवा असूनही ते काम करत नसतं. ते भरून काढायचं, टिकवून धरायचं आणि मेलेला गाळ फिल्टरला उचलू द्यायचा, एवढंच काम आहे. मात्र ते क्रमानं करावं लागतं आणि त्याला काही दिवस द्यावे लागतात.

तळ दिसत नसेल, तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही

हा नियम पाहुणे आले म्हणून किंवा मुलांनी हट्ट धरला म्हणून शिथिल करू नका. गढूळ पाण्यात जंतू असू शकतात हे खरंच, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे: बुडालेलं माणूस दिसत नाही. २०११ च्या जूनमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर इथल्या सार्वजनिक पूलमध्ये एक महिला बुडाली. तिचा मृतदेह दोन दिवसांनी सापडला. मधल्या काळात पूल चालू होता, लोक पोहत होते, जीवरक्षक कामावर होते. पाणी इतकं गढूळ होतं की कुणालाच काही दिसलं नाही.

म्हणून पाणी साफ होईपर्यंत शिडी काढून घरात ठेवा. पूलच्या सगळ्यात खोल जागी तळाला एखादी गडद वस्तू ठेवून ती काठावरून स्पष्ट दिसते का ते रोज पाहा. पाणी किती सुधारलं याचंही ते तुमचं माप होईल.

तुमच्या पूलमध्ये पाणी नक्की किती आहे?

हा आकडा हातात नसताना घातलेलं प्रत्येक औषध अंदाजाचं ठरतं. खोक्यावरचा आकडा बहुधा काठोकाठ भरलेल्या पूलचा असतो किंवा ठरावीक पातळीचा. त्यामुळे टेप घेऊन पाण्याची खरी खोली मोजा. गोल पूलसाठी हिशेब सोपा आहे:

व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं फुटांत) × ५.९ = गॅलन

पूल १५ फुटी आणि पाणी साडेतीन फूट असेल, तर उत्तर येतं सुमारे ४,६५० गॅलन, म्हणजे साधारण १७,६०० लिटर. पुढची सगळी उदाहरणं मी याच पूलची देतो आहे. तुमचा पूल मोठा असेल, तर त्या प्रमाणात वाढवा.

स्ट्रिपवर विसंबू नका, थेंबांची चाचणी घ्या

पट्टी बुडवायची आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायची, हे सोपं वाटतं. पण गढूळ पाण्याच्या वेळी नेमके जे दोन आकडे लागतात, म्हणजे जास्त प्रमाणातलं क्लोरिन आणि स्टॅबिलायझर, तिथेच पट्टी ढोबळ उत्तर देते. एकदाच पैसे खर्च करायचे असतील, तर ते थेंबांच्या चाचणीच्या संचावर करा आणि तो ‘एफएएस-डीपीडी’ प्रकारचा आहे याची घेताना खात्री करा.

पाण्यात कोपरापर्यंत हात घालून, पंपाच्या झोतापासून दूर, नमुना घ्यायचा. त्यातलं १० मिलिलिटर नळीत घ्यायचं आणि पावडर टाकायची. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं. मग थेंब-थेंब द्रव सोडत नळी फिरवत राहायचं. एका थेंबाला गुलाबी छटा एकदम नाहीशी होते, तिथे थांबायचं. जितके थेंब पडले त्यांच्या निम्मं म्हणजे क्लोरिनचं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग). २४ थेंब पडले, तर १२. रंग ओळखण्याची कसरत नाही, त्यामुळे चष्मा लावणाऱ्या आजोबांनाही ही चाचणी नीट जमते. पावडर टाकूनही पाणी गुलाबी झालंच नाही, तर क्लोरिन संपलं आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच मिळालं आहे.

हे आकडे मोजा:

- मुक्त क्लोरिन. पाणी साफ असतानाच्या रोजच्या वापरात ३ ते ४ पीपीएम. स्टॅबिलायझर वापरत असाल, तर किमान २ पीपीएम हवं, असं अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचं सांगणं आहे.
- संयुक्त क्लोरिन. घाम, लघवी आणि सनस्क्रीनशी झुंजून थकलेलं क्लोरिन. अर्ध्या पीपीएमच्या वर गेलं, तर पाण्यात घाण आहे. डोळे झोंबवणारा ‘क्लोरिनचा वास’ याचाच असतो.
- पीएच. ७.२ ते ७.८.
- अल्कलिनिटी. ६० ते १२०. कमी असेल तर पीएच वर-खाली होत राहतो. आपल्या उदाहरणातल्या पूलमध्ये ती १० नं वाढवायला सुमारे ३०० ग्रॅम साधा खायचा सोडा पुरतो. पूलच्या दुकानातला महागडा डबा घेऊ नका.
- स्टॅबिलायझर. याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

टॅब्लेट रोज तरंगतेय, तरी पाणी गढूळ: हे कसं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अॅसिड. दुकानातल्या रिपोर्टवर ते ‘सीवायए’ असं येतं. ते नसेल, तर कडक उन्हात तासा-दोन तासांत बहुतेक क्लोरिन उडून जातं. म्हणून ते हवं: साधारण ३० पीपीएम, टेक्सास किंवा अॅरिझोनासारख्या उन्हात ४० ते ५०. पण ते क्लोरिनला उन्हापासून वाचवतं ते त्याला बांधून ठेवून. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितका क्लोरिनचा जोर कमी. मुक्त क्लोरिन हे स्टॅबिलायझरच्या सात-साडेसात टक्क्यांच्या खाली गेलं, की शेवाळ डोकं वर काढतं, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. स्टॅबिलायझर ३० असेल तर २-३ पीपीएम क्लोरिन पुरतं. ते १०० झालं असेल, तर तेवढ्याच क्लोरिनमध्ये पाणी गढूळ होतं, पट्टीवर क्लोरिन छान दिसत असलं तरीही.

आता तरंगणाऱ्या टॅब्लेटकडे पाहा. ती ट्रायक्लोरची असते आणि प्रत्येक १० पीपीएम क्लोरिनबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात सोडते. आपल्या १५ फुटी पूलमध्ये ३ इंची, ८ औंसांची एक टॅब्लेट विरघळली, की स्टॅबिलायझर ७ नं वाढतं. आठवड्याला एक टॅब्लेट धरली, तरी उन्हाळ्याच्या १२ आठवड्यांत ते ८० च्या पुढे जातं. क्लोरिन उडून जातं, स्टॅबिलायझर मात्र पाण्यातच राहतं. ऑगस्टमध्ये ‘आता काहीच लागू पडत नाही’ असं वाटतं, त्यामागचं कारण हे.

टॅब्लेट वाईट नाही. चार दिवस गावाला जाताना ती सोयीचीच असते. पण रोजचं क्लोरिन तिच्यावर सोपवू नका.

स्टॅबिलायझर मोजण्याची चाचणी वेगळी असते. पाण्यात एक द्रव मिसळला की ते पांढुरकं होतं. तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा होईल तिथला आकडा वाचायचा. ही चाचणी बाहेर, दिवसाउजेडी, पण सूर्याकडे पाठ करून करा. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उत्तर चुकतं.

साफ करण्याच्या पायऱ्या

१. मोठी घाण काढा. जाळीनं पानं, किडे, गवत काढा. तळाशी पानांचा थर ठेवून ओतलेलं क्लोरिन पानं कुजवण्यातच संपतं. तळ दिसत नसला, तरी जाळी हळूहळू फिरवत चाचपडून काढा.

२. पीएच ७.२ ते ७.५ वर आणा. हे आधी करायचं, कारण क्लोरिन १० च्या वर गेल्यावर पीएचची चाचणी खोटं उत्तर देते. पीएच कमी करायला म्युरिअॅटिक अॅसिड किंवा कोरडं अॅसिड, वाढवायला सोडा अॅश. निम्माच डोस घालून तासाभरानं पुन्हा मोजा.

३. स्टॅबिलायझर पाहा. शून्य असेल तर ३० पर्यंत आणा. आपल्या पूलला साधारण अर्धा किलो पावडर लागेल. ती थेट पाण्यात टाकू नका, तळाशी बसून राहते. जुन्या पायमोज्यात बांधून पंपाच्या झोतासमोर लटकवा आणि मधूनमधून पिळा. ८० च्या वर असेल, तर आधी खालचा ‘पाणी कधी बदलायचं’ हा भाग वाचा.

४. क्लोरिन शॉकच्या पातळीवर न्या. ही पातळी स्टॅबिलायझरच्या सुमारे ४० टक्के धरतात: स्टॅबिलायझर ३० असेल तर १२ पीपीएम, ४० असेल तर १६. आपल्या पूलमध्ये १० टक्के तीव्रतेचं पाव गॅलन लिक्विड क्लोरिन सुमारे ५ पीपीएम वाढवतं. म्हणजे शून्यापासून १२ वर जायला अर्ध्या गॅलनहून थोडं जास्त. पंप चालू ठेवून, पाणी आत येतं त्या झोतासमोर हळूहळू ओता. घरातलं साधं ब्लीचही चालतं, पण ते सुगंधी किंवा ‘न शिंतडणारं’ म्हणून दाट केलेलं नसावं, आणि त्याची टक्केवारी पाहून मात्रा वाढवा.

५. ती पातळी टिकवा. नवखी माणसं नेमकी इथे चुकतात. शॉकची एक पुडी टाकायची आणि सकाळी पाणी साफ होईल म्हणून वाट पाहायची, असं होत नाही. शेवाळ क्लोरिन खातं, पातळी उतरते आणि उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजा आणि जितकं उतरलं तितकं भरा. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मोजलं तरी बहुधा पुरतं.

६. रोज ब्रश मारा. भिंती, तळ, लायनरच्या सुरकुत्या, शिडीच्या पायऱ्यांची मागची बाजू, स्किमरच्या आतला भाग. शेवाळाचा चिकट थर फुटल्याशिवाय क्लोरिन आत शिरत नाही. तरंगणारी खेळणीही याच पाण्यात बुडवून धुवा. त्यांच्या सांध्यांतून शेवाळ परत येतं.

७. पंप अखंड चालू ठेवा, रात्रीही.

हिरवट पाणी आधी राखाडी-पांढरं होतं. ते पाहून घाबरू नका. शेवाळ मेल्याची ती खूण आहे. त्यानंतरचं काम फिल्टरचं. छोट्या पंपाला पूर्ण साफ करायला तीन-चार दिवस ते आठवडा लागू शकतो.

थांबायचं कधी? तिन्ही गोष्टी जुळल्यावरच: पाणी तळापर्यंत स्वच्छ, संयुक्त क्लोरिन अर्ध्या पीपीएमपर्यंत किंवा कमी, आणि रात्रीची परीक्षा पास. ही परीक्षा अशी: अंधार पडल्यावर क्लोरिन मोजा, सकाळी ऊन लागण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे क्लोरिन घटलं तर ते जिवंत घाणीनंच खाल्लं. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल, तर पाणी दिसायला साफ असलं तरी आत शेवाळ शिल्लक आहे. चालू ठेवा. पोहायला मात्र क्लोरिन डब्यावर सांगितलेल्या मर्यादेत, म्हणजे सहसा ४ पीपीएमपर्यंत, उतरल्यावरच.

फिल्टर: निम्मं काम इथे होतं

पूलबरोबर आलेला पंप-फिल्टर बहुधा लहान असतो. स्वच्छ पाणी राखायला तो पुरतो, गढुळलेलं पाणी साफ करताना त्याची दमछाक होते. म्हणून त्याची सेवा तुम्हाला करावी लागते.

*कार्ट्रिज असेल तर:* साफसफाईच्या दिवसांत ती दिवसातून एकदा, कधी दोनदाही धुवावी लागते. कार्ट्रिजच्या चुण्या साडीच्या निऱ्यांसारख्या एकेक करून बोटांनी उघडा आणि होजचा झोत वरून खाली, तिरका मारा. समोरून जोरात मारलेलं पाणी घाण कापडात आणखी खोल घुसवतं. एक जादा कार्ट्रिज घेऊन ठेवा. एक वाळत असताना दुसरी कामाला. धुतल्यावरही राखाडी आणि कडक राहत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. छोट्या पंपांवर दाबाचा काटा नसतो, अशा वेळी पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडासमोर हात धरा. झोत मंदावला की धुवायची वेळ झाली.

*सँड फिल्टर असेल तर:* काट्यावरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयनं वाढला की बॅकवॉश करा. त्याआधी नको. वाळूत थोडा गाळ अडकलेला असतो तेव्हाच ती बारीक कण चांगले पकडते. वाळूतून निसटणारे बरेच बारीक कण कार्ट्रिज अडवते, त्यामुळे सँड फिल्टरवाल्यांना शेवटची धूसरता जायला जास्त दिवस लागतात.

क्लॅरिफायर, फ्लॉक आणि आपली तुरटी

पावसाळ्यात गावाकडे हंड्यात तुरटी फिरवलेली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दुकानातलं फ्लॉक म्हणजे बहुधा तीच जातकुळी, अॅल्युमिनियम सल्फेट. ते बारीक कणांचे गोळे करून तळाशी बसवतं. क्लॅरिफायरही कण एकत्र आणतं, पण फिल्टरला पकडता येतील इतपतच.

यांचा उपयोग आहे, पण शेवटी. शेवाळ जिवंत असताना कितीही क्लॅरिफायर ओतलं तरी ते वाढत्या पिकाची कापणी करत बसण्यासारखं आहे, आणि मात्रा जास्त झाली तर त्यामुळेच पाणी आणखी धूसर होतं. फ्लॉकचा साचलेला गाळ तर व्हॅक्यूमनं थेट पूलबाहेर टाकावा लागतो. सँड फिल्टरच्या ‘वेस्ट’ या सोयीतून ते जमतं. कार्ट्रिजच्या पंपाला ती सोय नसते आणि तो गाळ कार्ट्रिज कायमची बुजवतो. तुमच्याकडे कार्ट्रिज असेल, तर फ्लॉक आणि तुरटी दोन्ही विसरा.

क्लोरिन पुरेसं आहे, तरी पाणी पांढरं

रात्रीची परीक्षा पास झाली, पाणी हिरवट कधीच नव्हतं, तरी पांढुरकेपणा जात नाही. मग यातलं एखादं कारण शोधा:

- चुना. पाणी जड असताना पीएच ८ च्या पुढे गेला की कॅल्शियम कार्बोनेटचे कण बनतात. सोडा अॅश किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइटची पुडी एकदम टाकल्यावरही असं होतं. पीएच ७.२ वर आणा, पंप चालू ठेवा.
- विहिरीचं पाणी. त्यात लोह असेल, तर क्लोरिन घातल्याबरोबर पाणी चहासारखं तांबूस होतं. ते शेवाळ नाही, शॉकनं जाणार नाही. लोह धरून ठेवणारं औषध किंवा बारीक फिल्टर लागतो.
- अमोनिया. वसंतात झाकण काढल्यावर कधीकधी ओतलेलं क्लोरिन अर्ध्या तासात नाहीसं होतं. १० पीपीएम भरा, दहा-पंधरा मिनिटांनी मोजा, पुन्हा भरा. ते टिकू लागेपर्यंत असंच चालू ठेवा.
- मोठा पाऊस. धूळ, परागकण, छपराचं पाणी. क्लोरिन आणि अल्कलिनिटी मोजून भरा, बाकी फिल्टर करील.

पाणी कधी बदलायचं?

स्टॅबिलायझर ८० च्या वर गेलं असेल, तर. ते कमी करायचा खात्रीचा मार्ग पाणी बदलणं हाच. स्टॅबिलायझर ८० असताना शॉकची पातळी ३२ पीपीएम होते. तेवढं क्लोरिन दिवसेंदिवस टिकवण्यापेक्षा अर्धं पाणी बदललं की तो आकडाही निम्मा होतो आणि खर्चही वाचतो. कडक भिंतीच्या, वेगळं लायनर असलेल्या पूलमध्ये निदान फूटभर पाणी राहू द्या. रिकामं लायनर आकसतं आणि परत नीट बसत नाही.

सोडताना पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका. ते बहुतेक ठिकाणी थेट ओढ्याला मिळतं आणि क्लोरिनचं पाणी तिथे सोडायला अनेक गावांत मनाई आहे. क्लोरिन शून्यावर येऊ द्या, आपल्याच हिरवळीवर हळूहळू पसरा, शेजाऱ्यांच्या तळघराकडे उतार नाही ना ते पाहा. शंका असेल तर गावाच्या कार्यालयात फोन करून विचारा.

दुकानात गेल्यावर तुमचे हक्क

पूलच्या अनेक दुकानांत पाणी फुकट तपासून देतात. जरूर न्या, पण रिपोर्टची छापील प्रत मागा आणि ‘आज काही घ्यायचं नाही’ म्हणून बाहेर पडायला संकोचू नका. तपासणी करून घेतली म्हणजे खरेदीचं बंधन नसतं. रिपोर्टखाली पाच-सहा औषधांची यादी येते. त्यातलं फॉस्फेट रिमूव्हर गढूळ पाण्यासाठी लागत नाही. तांब्याच्या अल्जीसाइडनं लायनरवर डाग पडू शकतात.

क्लोरिनच्या डब्यावर सक्रिय घटकाचं नाव आणि टक्केवारी छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा ते वाचा:

- सोडियम हायपोक्लोराइट: लिक्विड क्लोरिन किंवा ब्लीच. नवख्यांसाठी सगळ्यात सुरक्षित निवड.
- कॅल्शियम हायपोक्लोराइट: पुडीतला शॉक. कॅल्शियम वाढवतो.
- डायक्लोर, ट्रायक्लोर: दोन्ही स्टॅबिलायझर वाढवतात. डायक्लोरही ‘शॉक’ नावानंच विकलं जातं, म्हणून लेबल पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आणखी एक हक्क लहान मुलं असलेल्या घरांनी लगेच वापरावा. २०२५ च्या जुलैमध्ये बेस्टवे, इन्टेक्स आणि पॉलीग्रुप या कंपन्यांचे मिळून सुमारे ५० लाख पूल अमेरिकेत रिकॉल झाले. ४८ इंच किंवा त्याहून उंच असे हे पूल. खांबांच्या बाहेरून फिरवलेल्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मूल वर चढू शकतं, आणि अशा प्रकारे नऊ मुलांचा जीव गेल्याचं नोंदलं आहे. तुमच्या पूलला असा बाहेरचा पट्टा असेल, तर कंपनीकडून दुरुस्तीचा संच मोफत मिळतो. मागून घ्या, जुना पूल कुणाकडून विकत घेतला असेल तरीही विचारा. कुंपण आणि कुलपाच्या शिडीचे नियम गावागणिक वेगळे आहेत, तेही गावाच्या कार्यालयात विचारून घ्या.

रसायनं हाताळताना

- दोन प्रकारचं क्लोरिन कधीही एकत्र करू नका, एकाच मापानंही उचलू नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोट होऊ शकतो.
- क्लोरिन आणि अॅसिड शेजारी ठेवू नका. मिसळले तर विषारी वायू होतो. पूलमध्येही दोन्हींच्या मध्ये निदान अर्धा तास पंप चालू द्या.
- बादलीत आधी पाणी, मग रसायन. उलट कधीच नाही.
- हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ.
- टॅब्लेट लायनरवर किंवा स्किमरमध्ये पंप बंद असताना पडू देऊ नका. लायनरचा रंग उडतो.
- पंप जीएफसीआय, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या, सॉकेटवरच. एक्स्टेन्शन कॉर्ड नको.

महाराष्ट्रात फार्महाऊसवर पूल असेल तर

कर्जत, अलिबाग, मुळशीकडे फ्रेमचे पूल आता दिसू लागले आहेत. नियम तेच, पण दोन गोष्टी वेगळ्या. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर पूलमध्ये थेट टाकली, तर तिच्यातल्या चुन्यानंच पाणी पांढरं होतं. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन फक्त वरची निवळ ओता. त्यापेक्षा सोडियम हायपोचा कॅन बरा. मात्र उन्हाळ्यात तो लवकर निकामी होतो, म्हणून लहान आणि ताजा घ्या, सावलीत ठेवा. दुसरं म्हणजे बोअरचं पाणी बहुधा जड असतं, तेव्हा पीएचवर नजर हवी. टँकरचं पाणी भरल्या दिवशीच तपासा.

एकदा साफ झाल्यावर

रोज सूर्य मावळल्यावर क्लोरिन मोजून जितकं उतरलं तितकं लिक्विड क्लोरिन घाला. आपल्या पूलला बहुधा कपभर पुरतं. पीएच आठवड्यातून दोनदा, स्टॅबिलायझर महिन्यातून एकदा. पंप दिवसाला निदान आठ तास.

चार जुलैची पार्टी, वाढदिवस, मंडळाची सहल, पंधरा-वीस मुलं पाण्यात उतरणार असतील, तर आदल्या संध्याकाळी क्लोरिन ४ पीपीएमवर आणून ठेवा. मुलांना आधी होजखाली अंघोळ घाला, सनस्क्रीन लावलं की पंधरा मिनिटं थांबवा, आणि दर तासाला सगळ्यांना बाहेर काढून शौचाला जाऊन येऊ द्या. पाहुणे गेल्यावर थकवा असतो, पण झोपण्याआधी तेवढं एक काम करा: मोजा, उतरलेलं भरा, कार्ट्रिज धुवा आणि पंप रात्रभर चालू ठेवा. पार्टीनंतर दोन दिवसांनी दिसणारा गढूळपणा त्याच रात्री सुरू होतो.